बॅटऱ्या बाहेर धक्क्यावर होत्या

विश्वास ठेवा नाहीतर सोडून द्या... पण माझा मामा खोटं बोलत नाही. त्याला ते पचतच नाही. एकच गोष्ट त्याने पोटात ठेवली होती, दोन वर्षं. तीच सांगतोय.

मामा बोटींचं वायरिंग करतो. कुणी भुताखेतांचं नाव काढलं की म्हणतो, "आधी फ्यूज बघा!"

रविवार होता तो. आणि भुतं रात्रीच येतात असं कोणी सांगितलं? भर दुपार होती. धक्क्यावर चिटपाखरू नव्हतं. धुकं इतकं की शेजारची बोट दिसेना.

मामा ज्या बोटीवर काम करत होता ती त्याच्या दोस्ताची. सगळे त्याला 'दाढी' म्हणायचे. दोन वर्षांपूर्वी दाढी एकटाच बोट घेऊन गेला, तो परत आलाच नाही. रिकामी बोट तेवढी सापडली. आतल्या दोन्ही बॅटऱ्या पार उतरलेल्या.

आता त्याची मुलगी बोट चालवणार होती. दुसऱ्या दिवशी निघायचं होतं, तेही एकटीने. नव्या दोन बॅटऱ्या तिने आणून धक्क्यावर ठेवल्या.

"काका, बाबांच्या वेळी होतं तसंच जोडा."

मामा पान्हा शोधायच्या निमित्ताने खाली वाकला.

कारण ते 'तसंच' मामानेच जोडलं होतं.

बोटीला दुसरी बॅटरी लावायची तर दोन रस्ते असतात. दोन्ही कायमच्या एकत्र जोडा, काम झटपट होतं. पण दिवे चालू राहिले तर दोन्ही एकदम उतरतात, मग इंजिन सुरूच होत नाही. नाहीतर मध्ये स्विच टाका आणि एक बॅटरी फक्त इंजिनासाठी राखून ठेवा.

दाढीने तेव्हा विचारलं होतं, "कसं करायचं रे?"

मामाला घरी जायची घाई होती. "देतो जोडून एकत्र! काय होतंय!"

हे मामाने कुणालाच सांगितलं नव्हतं. आता वेगळं जोडलं, तर पोरगी विचारणार, 'का?'

"बरं. तसंच करतो," मामा म्हणाला. मुलगी चहा आणायला गेली.

मामा बोटीत उतरला. केबल हातात घेतली...

टक.

त्याने मान वर केली.

टक... टक... टक...

बॅटरी उतरली की सेल्फ असाच करतो. इंजिन फिरत नाही, नुसती टकटक. मामाने हजार वेळा ऐकलेला आवाज.

"कोण रे किल्ली फिरवतंय?" तो ओरडला.

केबिनमध्ये कोणी नव्हतं. किल्ली त्याच्याच खिशात होती.

आणि बॅटऱ्या... बॅटऱ्या अजून बाहेर धक्क्यावर होत्या.

टक... टक...

फ्यूज बघायचं मामाला सुचलंच नाही.

"दाढी...?"

आवाज थांबला.

"चुकलं रे माझं," मामा म्हणाला, आणि तिथेच बसून ढसाढसा रडला.

मुलगी चहा घेऊन आली तेव्हा तो स्विच बसवत होता. तिने विचारायच्या आतच त्याने सगळं ओकून टाकलं. एकत्र जोडलेल्या बॅटऱ्या, घाई, मघाचा आवाजसुद्धा. "तुझ्या बापाला मी घालवलं, पोरी."

तिने चहा फळीवर ठेवला.

"कसा आवाज होता, काका?"

मामाने फळीवर बोटाने वाजवून दाखवलं. टक... टक... टक...

तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"बाबा गेले त्या संध्याकाळी त्यांचा फोन आला होता. बोलत काहीच नव्हते. नुसतं... हेच ऐकू येत होतं. मला वाटलं, रेंज नसेल. मी कट केला, काका."

चहा तसाच गार झाला. मामाने काम पुरं केलं, एक बॅटरी इंजिनासाठी राखून. पहिल्याच सेल्फला इंजिन सुरू झालं. मग त्याने ते बंद केलं. दोघं कान देऊन बसले.

काही नाही. नुसतं पाणी.

तेवढ्यात मुलीचा फोन वाजला.

फळीवर पालथा पडला होता तो. दोघांपैकी कुणी हात लावला नाही. वाजून वाजून बंद झाला.

मुलगी आजही बोट घेऊन जाते, आणि सुखरूप परत येते. पण मी मामाला दरवेळी विचारतो, "फोन कोणाचा होता?"

"बघितलाच नाही आम्ही," तो म्हणतो.

मामा खोटं बोलत नाही, असं मी सुरुवातीलाच म्हटलं. पण हे एवढं सांगताना तो माझ्याकडे बघत नाही.