तर्री नाही, नुसते पोहे

आमची उमरेडची पुष्पलताआत्या भांडं विकत घेत नाही, भांड्याची परीक्षा घेते. बोटाच्या पेराने ठोकायचं, कान लावायचा आणि दुकानदाराकडे असं पाहायचं, की या माणसाने बापजन्मात पितळ पाहिलं नसावं. लेकीच्या लग्नाची आंदणाची भांडी घ्यायला ती नागपूरच्या इतवारीत आली होती आणि पिशव्या उचलायला मी. दुकानात पाटी होती : ‘वाजवून घ्या. माल परत घेत नाही.’ आत्याला आणखी काय पाहिजे!

“हा गंज बद्द वाजून राहिला गा,” आत्या म्हणाली. गंज म्हणजे आमच्याकडचं पातेलं.

गल्ल्यामागचा मुलगा हसला. एका कानात इअरफोन, कुरळे केस, बोटात चांदीची अंगठी. त्याने गंज तळहातावर अलगद उलटा धरला आणि अंगठीने ठोकला.

टण्ण!

माझ्या हातातली पिशवी सुटली. हा टण्ण मला पाठ होता! ‘भांडीगल्ली’ नावाच्या अल्बममध्ये, चौथ्या गाण्यात, ट्रम्पेट थांबतो आणि रॅप सुरू होतो ना... त्याच्यामधला!

“ते... ‘भांडीगल्ली’... तुम्ही?”

“तुम्ही ऐकला?” त्याचे डोळे एवढे मोठे झाले, की मला उगाच लाजायला झालं. “अहो, माझ्या बापानेही नाही ऐकला अजून!”

“आम्ही दिवसभर हाच आवाज ऐकतो,” शेजारी बसलेले त्याचे वडील गणपतराव म्हणाले. “तो बी फुकटात.”

आता माझी भानगड सांगते. इंस्टाग्रामवर ‘तर्री’ नावाचं एक पेज आहे; तर्री म्हणजे आमच्याकडे पोह्यांवर ओततात तो झणझणीत रस्सा. नवे हिप-हॉप आणि जॅझ-फंक अल्बम आले, की त्यावर तिथे मत येतं. चांगला असला तर ‘तर्री मार के’, फसला तर ‘नुसते पोहे’. ते पेज माझं. नाव नाही, फोटो नाही. ‘भांडीगल्ली’बद्दल मी लिहिलं होतं, “बेस झकास. सॅक्सोफोनला सर्दी. प्रेमातलं या गड्याला ओ की ठो कळत नाही. नुसते पोहे. पण तो टण्ण कुठून आणला, बाप्पा?”

मी सांगणारच होते. खरंच, तोंड उघडलं होतं. तेवढ्यात तोच म्हणाला, “एकानेच लिहिलं आमच्याबद्दल. ‘तर्री’वाला. म्हातारा असेल. बीपीवाला. घरी कोणी चहा विचारत नसेल.”

मी तोंड मिटलं.

मग मला गाळणी लागली. मग झाकण लागलं. झाकण बदलायचं झालं, आणि मग पुन्हा गाळणी. आई म्हणाली, “आपण चहा पिऊन राहिलो की नुसता गाळून राहिलो?” झाकणाच्या भावावरून मी भांडायचे, केयूर, म्हणजे तो अंगठीवाला, मुद्दाम ताणायचा आणि गणपतराव वैतागून म्हणायचे, “दे ना बाबा तिले, निघू दे.” पण मला कुठे निघायचं होतं? तुम्हीचं तू झालं, तेही भांडतानाच.

“नूपुर... नावातच ताल आहे,” एकदा तो म्हणाला.

“असलं काही गाण्यात टाकतोस, म्हणून म्हातारा चिडतो.”

त्याचे कान लाल झाले. “शुक्रवारी नवा अल्बम येऊन राहिला. पाचवं गाणं... ऐकशील ना?”

“आणि म्हाताऱ्याला नाही आवडलं तर?”

“तर बस. माईक विकतो, गल्ल्यावर बसतो.” तो एकदम हळू बोलला. “दोस्त सगळे ‘आग लावली भाऊ’ लिहितात. ऐकत एकही नाही. खरं बोलणारा तो म्हातारा तेवढा एकच आहे.”

त्या दिवशी मी झाकणाचा भाव न करताच पैसे दिले.

शुक्रवारी ऐकला. पहिली चार गाणी... ओहोहो! बेस मांजरासारखा दबकत यायचा, मागे पितळेचे ठोके, आणि केयूर आपल्या गल्लीतल्या हातगाड्यांचं, हमालांचं असं बोलायचा की मान आपोआप हलायची. मग पाचवं. ‘चांदणं तू, मोगरा तू, परी तू...’

ते माझ्यासाठी होतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आणि गाणं इतकं टुकार होतं, की ते पाणी वाळलंसुद्धा!

आता? खोटं लिहिलं, तर पोरगा खूश. पण मग त्याचा एकुलता एक खरं बोलणारा माणूस मीच मारला असता. खरं लिहिलं, तर माईकही गेला आणि केयूरही. खूप रडले, मग लिहिलं :

“चार गाणी तर्री मार के. पाचवं नुसते पोहे, वर लिंबूही नाही. कोण ही परी? मी ओळखते ती मुलगी झाकणाच्या भावावरून भांडते, हसली की तिच्या नाकातून आवाज येतो, आणि घरात जागा नसली तरी गाळणीच मागते. काहून मागते, ते गाणाऱ्याने येऊन विचारावं. – म्हातारा.”

फोन बंद केला. दुसऱ्या दिवशी राहवेना. दुकानात गेले.

“गाळणी?” गणपतरावांनी विचारलं.

“नाही, काका.”

“मग पडद्यामागे जा. सकाळपासून थोबाड पाडून बसला आहे.”

आत केयूर उलट्या गंजासमोर माईक लावून बसला होता. माईक विकला नव्हता! वर न बघताच म्हणाला, “या आजोबा. बीपी कसा आहे?”

“रागावलास?”

“लय. आधी वाटलं, गाणंही गेलं, पोरगीही गेली. मग पुढचं वाचलं.” त्याने वर पाहिलं. “माझ्यासाठीसुद्धा खोटं नाही बोललीस तू... काहून वं नूपुर, इतक्या गाळण्या?”

“कारण तू आवडतोस मला,” मी म्हणाले. “ते गाणं नाही. तू.”

तो उठून माझ्यासमोर आला, पडद्याच्या फटीतून ‘वाजवून घ्या’च्या पाटीकडे बोट दाखवलं आणि मान खाली केली. मी त्याच्या कपाळावर बोटाच्या पेराने ठोकलं. अगदी आत्यासारखं, कान लावून.

पडद्यापलीकडून गणपतराव ओरडले, “बद्दच वाजते तो, पोरी! पण घेऊन जा. परत घेत नाही आम्ही!”

मी हसले. नाकातून आवाज आला. माईक चालूच होता.