परत रुजू होण्याचा दिनांक

रजेचा प्रकार: समाधान रजा.
कारण: (रजार्थीने भरू नये. पट्टी भरेल.)

पूर्वी या रकान्यात रेखा घोडके 'घरगुती' लिहायची आणि सुट्टीभर पडदे धुवायची. आता ओढपट्टी आली. रजेआधी महिनाभर ती मनगटावर बांधायची. ती चित्रं दाखवते, आवाज ऐकवते, नाडी कशानं निवते ते पाहते आणि माणसाला तिथे पाठवते. नाशिकच्या पाणी तक्रार केंद्रात एकोणीस वर्षं शिव्या ऐकलेल्या रेखाला तिनं जालन्याजवळच्या रेशीम-शेडमध्ये पाठवलं.

तिथे अळ्या होत्या. तुतीचा पाला होता. ओरडणारं कुणी नव्हतं.

इतकं बरं वाटत होतं की रेखाला संशयच यायला लागला. त्यात खुंटीवर एक शर्ट. विळ्याची मूठ कुणा दुसऱ्याच्याच हातानं गुळगुळीत झालेली.

"शेवंतामावशी, एरवी हे काम कोण करतं?"

"अंकुश. गडी गुणाचा. पण बोलायला माणूस नाही म्हणून अळ्यांशी बोलत बसायचा. सुट्टीवर गेलाय."

"कुठे?"

"नाशकात. पाण्याच्या हापिसात फोन उचलायला." शेड सांभाळणाऱ्या मावशीला हसू आवरेना. "तुम्ही इथं पाला टाकायला येता, तो तिथं शिव्या खायला जातो. सुट्टी म्हणं!"

रजेची तिसरी मुदतवाढ: घ्यायची? (उत्तर आज पाचपर्यंत.)
टीप: दोघांनीही घेतल्यास जागांची अदलाबदल कायम समजावी. उत्तर न आल्यास नाडी हेच उत्तर धरले जाईल.
समोरील रजार्थी (नाशिक): होकार.

म्हणजे पट्टी ओढ मोजत होती, की दोन माणसं बसवायला दोन खाचा शोधत होती? आणि ही ओढ तरी रेखाचीच होती, की महिनाभर कानात सोडलेल्या पानांच्या सळसळीनं लावलेली?

पाचाला दहा कमी असताना तिनं स्वतःच्याच टेबलाचा नंबर लावला.

"नमस्कार, पाणी तक्रार केंद्र. अंकुश बोलतोय. बोला ताई, निवांत बोला."

एकोणीस वर्षांत ती कुणालाही 'निवांत' म्हणाली नव्हती.

"दोन दिवस पाणी नाही," तिनं ठोकून दिलं.

"घरात म्हातारं माणूस हाय का? तर आधी टँकर सांगतो."

हेही तिनं कधी विचारलं नव्हतं.

"अहो, तुम्ही सुट्टीत दुसऱ्याचं काम करताय. संशय नाही येत?"



"येतो की. पण नोंदवायचा कुणाकडं? तक्रार केंद्रात तर मीच बसलोय." तो हसला, आणि मधेच थांबला. "ताई... मागं पाला खाताहेत ना? चौथी कात टाकली वाटतं. आवाज वाढलाय."

"काल टाकली."

"कोपऱ्यातल्या ट्रेला आधी घाला. तिथं ऊन येतं, पाला लवकर सुकतो." त्याचा आवाज बारीक झाला. "सारख्या भुकेल्या असतात आता."

"परत यायचंय तुम्हाला?"

"तुम्हाला?"

रेखानं मूठभर पाला कोपऱ्यातल्या ट्रेवर पसरला. फोन कानालाच होता. दोघंही त्या अळ्यांचं खाणं ऐकत राहिले.

परत रुजू होण्याचा दिनांक:
ठिकाण:

पट्टी थरथरली. पाच. रकाना आपोआप भरू लागला. रेखानं मनगट पदराखाली दडवलं, तरी नाडी धडधडत होतीच. भीतीनं की ओढीनं, ते पट्टीला कळलं असेल; रेखाला कोण सांगणार होतं?