एक पट्टी खाली

मी त्याच्याशी पहिल्यांदा बोलले तेव्हा मी अर्धवट झोपेत होते, आणि त्याला वाटलं, देव बोलतोय.

शनिवारची दुपार होती. चर्च रिकामं होतं. आठवडाभर पहिलीच्या वर्गावर ओरडून माझा घसा आणि जीव दोन्ही सुकले होते. गायकांच्या सरावाला अजून अवकाश होता, म्हणून चौथ्या बाकावर जरा पाठ टेकली... आणि डोळा लागला.

टण्... टण्... टण्...

एकच सूर. पुन्हा तोच. पुन्हा तोच. मी डोळे न उघडताच म्हणाले, "अहो, लागला तो सूर! किती वेळा तेच तेच? पुरे की आता!"

काहीतरी धाडकन खाली पडलं. आणि मग अगदी चाचरत आवाज आला —

"...प्रभू?"

मी उठून बसले. पियानोचं झाकण उघडं होतं आणि एक माणूस हातात नादकाटा, म्हणजे सूर तपासायचा तो दोन टोकांचा पोलादी काटा, घेऊन छताकडे बघत उभा होता. खुंट्या पिळायची लोखंडी किल्ली त्याच्या पायाशी पडली होती.

"वर नाही, इकडे. चौथा बाक," मी म्हटलं.

त्याने छातीवर हात ठेवला. "बरं झालं बाई... मला वाटलं, माझ्या कामाला देवसुद्धा कंटाळला."

मला हसू आलं. हसले की हल्ली खोकला यायचा, तसा आला. तो पियानोचे सूर जुळवणारा. आमच्या पाळकसाहेबांनी त्याला बोलावलं होतं. आणि मी? मी दर रविवारी समोर उभं राहून गाणारी. चर्चमधली गीतं मी चालवायचे.

चालवायचे म्हणजे काय, ते बाहेरच्याला कळायचं नाही. गीतं निवडायची, गायकांच्या विनवण्या करायच्या, कुणाचा घसा बसला तर कुणाचं डोकं उठलं. एका काकांना जुनीच गीतं हवीत, त्यांच्या सुनेला नवीच हवीत, आणि दोघं बसणार एकाच बाकावर. पाळकसाहेबांना उपदेशाला शोभेल असं गीत लागायचं. उपदेश कशावर आहे ते मात्र ऐन वेळेपर्यंत त्यांनाच ठाऊक नसायचं. सगळं करून वर "आज जरा संथ झालं, नाही?" हे ऐकून घ्यायचं आणि गोड हसायचं.

तरी सोडवत नव्हतं. शेवटच्या कडव्याआधी एक क्षण यायचा — सगळी माणसं एकदम श्वास घ्यायची. म्हातारी, पोरं, भांडलेली, न बोलणारी, सगळी एकदम. त्या एका श्वासासाठी मी आठवडा ओढायचे.

पण हल्ली तो श्वास ऐकूच यायचा नाही. ओठांवर देवाची स्तुती असायची आणि मनात पुढच्या ओळीतला उंच सूर. लागेल का? फाटेल का? घशाच्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, "स्वरतंतूंवर गाठी धरल्यात. गाणं बंद, बोलणंही बंद. नाहीतर आवाज कायमचा जाईल." मी मान डोलावली होती आणि कुणालाही, अगदी आईलासुद्धा, काही सांगितलं नव्हतं. कारण ती समोरची जागा बाबांची होती. ते गेले आणि ती माझ्याकडे आली. त्यांचीच गीतं, त्यांच्याच उंच पट्टीत. ती पट्टी सोडली तर बाबांचं माझ्याकडे उरणार काय?

"आता जाग्याच आहात तर एक उपकार करा," तो किल्ली उचलत म्हणाला. "तुमच्या गीतातली सर्वांत उंच ओळ म्हणून दाखवा. पियानो तिथे कसा बोलतो ते बघतो."

मी गायले. वर पोचता पोचता आवाज चिरकला, जुनं कापड टरकन फाटावं तसा.

"तुमचा पियानो वर चढलाय," मी लगेच म्हणाले. नाचता येईना, अंगण वाकडं!

त्याने गुडघ्यावर नादकाटा आपटला, कानाशी धरला, ऐकला. मग माझ्याकडे बघितलं. पियानोत काही दोष नव्हता, हे त्याला कळत होतं आणि मलाही.

"असेल," तो हळूच म्हणाला. "खाली आणतो."

दुसऱ्या दिवशी ती ओळ लागली. सहज लागली! अंगावर काटा आला माझ्या. प्रार्थना ऐकली गेली, गाठी विरल्या, डॉक्टरीणबाई चुकल्या... माणसाला जे हवं असतं ते तो किती पटकन मानतो, नाही?

त्यानंतर पियानो वाजवणाऱ्या काकू लेकीच्या बाळंतपणाला गेल्या आणि पाळकसाहेबांनी त्यालाच वाजवायला बसवलं. शनिवारी तो सरावाच्या कितीतरी आधी यायचा. "जुना पियानो हट्टी असतो," म्हणायचा. "एकदा सांगून ऐकत नाही. पुन्हा पुन्हा यावं लागतं." मी चौथ्या बाकावर पडायचे. तो टण् टण् करत बसायचा, आणि मला अशी झोप लागायची की घरच्या गादीवरही कधी लागली नव्हती. उठायचे तेव्हा माझ्या बॅगेशेजारी झाकणाच्या बाटलीत कोमट पाणी असायचं. कुणी ठेवलं, हे त्याने कधी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

एकदा सराव संपल्यावर पुस्तकं आवरताना त्याने विचारलं, "गाताना डोळे मिटता ते भक्तीने की झोपेने?"

"ज्या रविवारी जे येईल त्याने. आणि तुम्ही वाजवताना सारखे माझ्याकडे का बघता?"

"सुरुवात कधी करायची ते कळायला."

"सुरुवात होऊन गेलेली असते. तिसरं कडवं चालू असतं तेव्हा."

त्याने पुस्तकांची चळत उगीच सरळ केली. "मग... संपवायचं कधी, ते कळायला."

"कळतं का?"

"नाही ना," तो म्हणाला. "संपूच नये असं वाटतं."

मी दिवे मालवायच्या निमित्ताने पाठ फिरवली. थकलेल्या माणसाला असं काही बोलू नये हो. तो लगेच विश्वास ठेवतो.

आणि मग तो बासरीचा रविवार उगवला.

पाळकसाहेबांचा पुतण्या मोठ्या संगीतशाळेत बासरी शिकत होता. चांदीसारखी चकचकीत, आडवी, बटणांची बासरी. त्याने आमच्याबरोबर एक गीत वाजवायचं ठरलं होतं. गाडी उशिरा आली, सराव राहिला, आणि तो स्टेशनवरून थेट चर्चमध्येच आला. "अहो, साधं गीत आहे, मला पाठ आहे," असं सांगून उभा राहिला.

पियानो सुरू झाला. बासरी सुरू झाली. आणि दोन मांजरं एका पोत्यात कोंडावीत तसा आवाज झाला.

मी हात वर केला. थांबलो. पुन्हा सुरू केलं, पुन्हा तेच. सगळं चर्च पुतण्याकडे बघायला लागलं. तो बिचारा लालबुंद होऊन बासरी उलटीसुलटी करत होता. पाळकसाहेब कपाळाचा घाम पुसत होते. पहिल्या बाकावरचे काका तर आपल्या सुनेला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाले, "ही आजकालची मुलं!"

तेव्हा तो पियानोवरून उठला.

"चूक बासरीची नाही," तो म्हणाला. "सबंध पियानो मी एक पट्टी खाली लावलाय. सगळे सूर, झाडून सगळे."

"का?" पाळकसाहेबांनी विचारलं.

त्याने माझ्याकडे बघितलं. एकच क्षण. मग नजर खाली. "तारा जुन्या आहेत. जास्त ताणल्या तर तुटतील, म्हणून."

मला सगळं एकदम कळलं. गाठी विरल्या नव्हत्या. प्रार्थनेला उत्तर आलं होतं, पण ते या माणसाच्या हातून. एकेक खुंटी पिळत, कुणाला न सांगता. आधी रागच आला. मला फसवलं! आणि मग त्या रागाच्याच पोटातून काहीतरी भरून आलं. सगळ्यांदेखत तो स्वतःच्या कामावर डाग घेऊन उभा होता, माझ्यासाठी. मी नुसती गप्प बसले असते तरी निभावलं असतं. बाबांची जागाही राहिली असती.

मी माईक जवळ घेतला.

"तारा नाहीत," मी म्हटलं. आवाज घोगरा येत होता, येऊ दिला. "माझा आवाज आहे जुना झालेला. घशात गाठी आहेत. डॉक्टरांनी गाणं बंद करायला सांगितलंय आणि मी ऐकलं नाही. पियानो माझ्यासाठी खाली आणलाय यांनी. आज... आज मला नाही गाता येणार. वाद्यं राहू द्या. तुम्ही गाल का?"

कुणीच गाईना. गाणार कसं? सुरुवात नेहमी मीच करून द्यायचे. मी माईक ठेवला, पायऱ्या उतरले आणि आईशेजारी जाऊन बसले. बाकावर बसून उपासना कशी दिसते तेच मी विसरले होते.

आईने माझा हात धरला. आणि तिनेच सुरुवात केली. पियानोच्याही कितीतरी खाली, घरात भांडी आवरताना गुणगुणते त्या पट्टीत. आधी दोघी-तिघी, मग बायकांचा सगळा बाक... मग मागून पुरुषांचे आवाज. इतके पुरुष आमच्याकडे गातात? काका गात होते, सून गात होती, कधी तोंड न उघडणारे पहारेकरी मामा दाराशी उभे राहून गात होते. शेवटच्या कडव्याआधी सगळ्यांनी एकदम श्वास घेतला आणि मला तो ऐकू आला. किती महिन्यांनी! मी रडले. मनात उंच सूर नव्हता, पुढची ओळ नव्हती. नुसती प्रार्थना होती, थकलेली, पण माझी.

गीत संपल्यावर काका वळून म्हणाले, "पोरी, असं खाली गाऊ दिलंस तर आम्हीही गाऊ की! आम्हाला वाटायचं, तुला उंचच आवडतं."

"पण ती बाबांची पट्टी होती..." मी आईच्या कानात म्हटलं.

"कसली बाबांची!" आई कुजबुजली. "शेवटची काही वर्षं ती ओळ त्यांच्याही आवाक्याबाहेर गेली होती. ते नुसते ओठ हलवायचे, आणि मी दुसऱ्या बाकावरून गायचे. तुला कधी कळू दिलं नाही त्यांनी. हट्ट मेला दोघांचाही सारखाच. आता एक शब्द बोलू नकोस, बस गप्प."

उपासना संपली, माणसं पांगली. बाहेर बारीक पाऊस पडत होता आणि दारात छत्र्यांची गडबड चालली होती. तो पियानोपाशी आपली पिशवी भरत होता. मी जाऊन उभी राहिले, तोंडावर बोट ठेवून, बोलायला बंदी.

"समजलं," तो म्हणाला. "पुन्हा वर खेचू का पियानो?"

मी मान हलवली. नको.

"मग माझं इथलं काम... संपलंच म्हणायचं. काकूही परत येतील आता." त्याने पिशवी बंद केली. पुन्हा उघडली. "एक सांगायचं राहिलं. पियानो दुसऱ्या खेपेलाच जुळला होता. नंतरच्या शनिवारी मी काहीच जुळवत नव्हतो."

मी भुवया उंचावल्या. मग ते टण् टण्?

"तुम्हाला त्यात झोप लागायची. थांबलो की तुम्ही चुळबुळ करायचात. म्हणून आपलं... वाजवत राहायचो. एकच सूर. बोट दुखून यायचं." तो किल्लीकडे बघत होता, माझ्याकडे नाही. "म्हणजे... मला तुम्ही आवडता. गाताना आवडताच. पण गात नसतानाही, झोपलेल्या असतानाही... नाही, तसं नाही म्हणायचं मला. म्हणजे, तुम्ही नुसत्या असलात ना, तरी... म्हणजे तुम्ही..."

तोच सूर. पुन्हा तोच. पुन्हा तोच. मला राहवेना. डॉक्टरीणबाईंची क्षमा मागून मी बोललेच. आवाज कसला, नुसती हवा.

"अरे, लागला सूर... पुरे आता. मलाही तू आवडतोस." श्वास घेऊन एवढंच आणखी म्हटलं, "शनिवारी ये. लवकर ये."

'अहो'चं 'अरे' कधी झालं, माझं मलाच कळलं नाही. त्याला मात्र कळलं. त्याच्या हातातली किल्ली पुन्हा धाडकन खाली पडली.

"बोलू नकोस म्हटलं ना तुला!" दारातून आई ओरडली. मग जरा थांबून तिने आम्हा दोघांकडे नीट बघितलं, छत्री मिटली आणि शेवटच्या बाकावर बसत म्हणाली, "बरं, चालू द्या. मला काही घाई नाही."