माशाची अर्धी रेघ

बॅटरीचा उजेड पायापाशी पडला आणि कौसल्या दचकली.

"जपून... इथे पायरी आहे. सिंह अजून सुटलेले नाहीत, सावकाश या."

गिरगावातल्या हेरंबबुवा कीर्तनकारांची मुलगी इंग्रजी सिनेमाला आली होती, आणि तीही खुद्द बुवांबरोबर. पहिल्या ख्रिस्ती भक्तांचं चित्र लागलंय, सिंहापुढे टाकलं तरी देवाचं नाव सोडत नाहीत, असं कुणीतरी त्यांना सांगितलं होतं. "म्हणजे आपल्या प्रल्हादाचे भाऊच की," बुवा म्हणाले. "याचं आख्यान व्हायला हवं." पण बापलेकीचं इंग्रजी बेताचं. मध्यंतरात त्यांना कथा समजावली ती त्या बॅटरीवाल्यानं, डोअरकीपर दौलतनं. चाळीसदा पाहून त्याला चित्र पाठ झालं होतं.

मग "पुन्हा पाहून सगळं टिपून आण," म्हणून बुवांनी लेकीला दोनदा पाठवलं. सोबतीला शेजारच्या लक्ष्मीकाकू. थंडगार हवेत काकू लगेच घोरायला लागायच्या, आणि दौलत भिंतीला टेकून कुजबुजत अर्थ सांगायचा.

"ही खूण बघा. ख्रिस्ती म्हणून ओळख पटली तर मरण. म्हणून अनोळखी माणूस भेटला की हा धुळीत अर्धी रेघ ओढतो. समोरचा आपला असला तर उरलेली ओढतो. झाला मासा."

"हा कसला मासा?"

"तेच म्हणतो मी. शेपूट बघा ना. आमच्या वरळी कोळीवाड्यात असला मासा कुणी पाटीत घेणार नाही."

"तुम्ही कोळी?"

"का, वास नाही आला?"

"अत्तराचा आला," ती बोलून गेली... आणि तिनं वही चेहऱ्यापुढे धरली.

दुसऱ्या खेपेला वहीत काहीच उतरलं नाही. पडद्यावर सिंह डरकाळ्या फोडत होते. कौसल्या हळूच म्हणाली, "बुधवारी पेणचे पाहुणे येताहेत. मला बघायला."

दौलतनं बॅटरी विझवली.

"रविवारी बुवांचं कीर्तन आहे ना? मी येतो. मध्ये बुक्का लावतात, त्या बुक्क्यानं अर्धी रेघ काढीन. तुम्ही पुरी केलीत तर तिथंच बुवांचे पाय धरतो. नाही केलीत, तर... या दारात पुन्हा मी दिसायचो नाही."

"आणि संचारबंदी लागली तर?"

"सिंहाला भिणाऱ्यानं मासा काढू नये."

संयुक्त महाराष्ट्रासाठी शहर पेटलं होतं. रविवारी दुपारी गिरगावात अश्रुधूर सुटला, रात्री आठपासून संचारबंदी पुकारली. बुवांनी चाळीच्या चौकातलं कीर्तन चारलाच उभं केलं. पेटीवर कौसल्या. बोटं सुरांवर, डोळे दाराकडे.

"देव खूण ओळखतो, कूळ विचारत नाही," बुवा पूर्वरंगात रंगले होते. श्रोते माना डोलवत होते. कौसल्याला मात्र ट्राम बंद झाल्याचं तेवढं आठवत होतं. वरळी ते गिरगाव... चालत... मध्ये पोलीस. दोनदा चपला वाजल्या, दोनदा दुसरंच कुणी.

पूर्वरंग संपता संपता तो आला. बाही फाटलेली, डोळे लालभडक. पुरुषांच्या बाजूला दाराशी टेकला.

बुवांना हार घातला गेला. बुक्का फिरवणारे गुणाजी मोर्च्यात अडकलेले. "कौसा, तबक तू घे," बुवा म्हणाले.

ओळीनं पुढे सरकत ती त्याच्यापाशी आली. दौलतनं चिमूट उचलली. थोडा बुक्का कपाळाला, उरलेला फरशीवर... एक वाकडी रेघ.

"डोळे झोंबताहेत हो," तो पुटपुटला, "नाहीतर याहून बरी काढली असती."

कौसल्याचे दोन्ही हात तबकाखाली होते. देवाचं तबक जमिनीला टेकवायचं नसतं, हे तिला बोलता यायच्या आधीपासून ठाऊक. चित्रातली बाई पायाच्या अंगठ्यानं रेघ ओढायची. पण हा विठ्ठलाचा बुक्का. त्याला पाय लावायचा? एक श्वास गेला... दुसरा गेला...

"पोरी, पुढे चल की," मागून कुणी म्हणालं. ती पुढे सरकली.

दौलतची मान खाली गेली.

उत्तररंग सुरू झाला. बुवांनी तेच आख्यान लावलं. "दारावर शिपाई. समोर अनोळखी मुलगी. त्यानं धुळीत अर्धी रेघ ओढली, आणि वाट पाहिली..." बुवांच्या चिपळ्या थांबल्या. त्या शांततेत दौलत उठला, दारातल्या चपला शोधू लागला. बाहेर पोलिसांची गाडी घुरघुरत गेली.

पेटीचा सूर तुटला.

आख्यान चालू असताना कौसल्या आजवर कधी जागची उठली नव्हती. आज उठली. पुरुषांच्या ओळींतून थेट दारापाशी गेली, गुडघ्यांवर बसली, स्वतःच्या कपाळावरचा बुक्का बोटावर घेतला आणि उरलेली रेघ ओढली.

"शेपूट वाकडं झालं," ती म्हणाली.

"आमच्याकडे चालेल," दौलत म्हणाला.

लक्ष्मीकाकूंनी घसा खाकरला. "बुवा, मी दोन खेळ घोरायचं सोंग केलं. आता पुढचं तुम्ही बघा."

बुवा खाली आले. माशाकडे पाहिलं, लेकीकडे पाहिलं. दौलतनं त्यांचे पाय धरले.

"काय मागायचंय ते नीट माग," बुवा म्हणाले. "चाळ ऐकतेय."

"...कौसल्या."

बुवांच्या गळ्यातल्या हाराची एक पाकळी गळून पडली.

"मघाशी मीच बोललो ना, देव कूळ विचारत नाही म्हणून," ते शेवटी म्हणाले. "आता तो शब्द गिळू कसा?" त्यांनी कपाळाचा बुक्का बोटाला घेतला, वाकले, आणि माशाला एक ठिपका दिला. "डोळा राहिला होता. पेणला उद्या तार करतो. बसा आता, आठच्या आत आख्यान पुरं व्हायला हवं. पेटी कुठाय?"

पेटी वाजू लागली. दाराशी दौलत माशाभोवती दोन्ही हातांचा आडोसा धरून बसला होता... कुणाचा पाय पडू नये म्हणून.