बेटावरची टीना

“पडद्यावरचं माणूस पडद्यावरच बरं गो, तस्नीम,” नसीमाखाला, माझी मावशी, म्हणाली होती.

मी हसले. “खाला, मी इंग्रजी शिकायला जाते, निकाह लावायला नाही!”

नवरा वारल्यावर मी लेकीला, तुबाला घेऊन रत्नागिरीत माहेरी आले होते. इंग्रजी शाळेत प्रवेशासाठी मुलांआधी आईची मुलाखत, आणि बी.ए. होऊनही माझी जीभ टाळ्याला चिकटायची. म्हणून दुपारी तुबाला खालाकडे ठेवून सायबर कॅफेत जायचे. इंटरनेटवर एक चित्रातलं बेट होतं. जगभरची मोठी माणसं तिथं आपापली बाहुली चालवत इंग्रजी शिकायची. माझी बाहुली टीना – उंच, मोकळ्या केसांची, कुणालाही न भिणारी.

पहिल्याच दिवशी वर्गाच्या दारात मी सवयीनं टीनाच्या चपला काढल्या. सगळे हसले. आणि पाहते तर... आत आणखी एकजण अनवाणी! कप्तानाची टोपी घातलेला.

“कोकणातल्या काय?” त्यानं टाइप केलं.

“कसं कळलं?”

“बुटांनिशी घरात शिरलो तर आमची आई जेवायला घालत नाही.”

तो जयगडचा अक्रम. मासेमारीच्या बोटीवर खलाशी; मोठ्या जहाजावर जायचं म्हणून शिकत होता.

“टीना, तू कशालाच घाबरत नाहीस,” एकदा तो म्हणाला. “म्हणून मला...”

“म्हणून काय?”

“काही नाही. व्याकरण चुकेल.”

मी कॅफेत एकटीच लाजले... आणि मग लक्षात आलं. त्याला आवडली ती टीना! मी तर तुबा शिंकली तरी दचकणारी.

शाळेतल्या मुलाखतीत मी बोलले – अडखळत, पण माझ्याच तोंडानं. त्या धीरावर त्याच दुपारी लिहिलं, “मी टीना नाही. तस्नीम. विधवा आहे. मला मुलगी आहे.”

पडद्यावर उमटलं, “ऐक, तस्नीम. उद्या बोट निघतेय. आलो की समोर येऊनच सांगतो.”

काय सांगणार, हे विचारणार तेवढ्यात लाईट गेली.

बोट गेली, आणि मागोमाग वादळ आलं.

तेव्हापासून बेटावर कप्तान नाही. काही बोटी परतल्या म्हणतात. कुठल्या, ते कुणी सांगत नाही. जयगडच्या एसटीपर्यंत जाते, पायरीवर पाय ठेवते, आणि मागे फिरते. खाला हल्ली काहीच बोलत नाही, नुसती तुबाला मांडीवर घेऊन बसते. त्याचीच जास्त भीती वाटते.

तुम्ही जयगडच्या बाजूचे असाल, तर धक्क्यावर एवढं विचारा – अक्रम घरी आला का? मुलीचं ऐकून त्यानं तोंड फिरवलं असेल, तर फिरवू दे. निरोपही नको मला. फक्त तो धडधाकट आहे ना, तेवढं बघून या... बघाल ना?