माळावरच्या गाडीतला हिटर

केम स्टेशनजवळ माझं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान आहे. अब्बांच्या मागे मीच चालवते. गेल्या डिसेंबरात, ऊन उतरताना राजशेखर नावाच्या माणसाचा फोन आला. करमाळ्याच्या वाटेवर त्याच्या गाडीचा गिअरबॉक्स गेला होता. गाडी कसली, चाकांवरचं घरच. जुनीच घेतलेली, आत पलंग, शेगडी, डिझेलवरचा हिटर.

"कौसरताई, गाडी राहू द्या, हिटर तेवढा चालू करा. लेकरू हाय आत."

स्कूटर घेऊन पोचले तेव्हा माळावर वारं सुटलं होतं. दूरवर दिवा नाही की झाड नाही. पलंगावर त्याची बायको दिपाली दिवस भरायच्या आधीच झालेली पोर छातीशी धरून बसली होती. पोरीचे ओठ काळपट पडलेले. सोलापुरातून दिपालीच्या भावाची जीप निघाली होती. तोवर त्या वाऱ्यात तिला बाहेर काढायची सोय नव्हती.

"मघापर्यंत रडत तरी होती," दिपाली हळूच म्हणाली.

हिटरचं बटण दाबलं. पंखा जरा घरघरला, थांबला. फ्यूज शाबूत. बॅटरी भरलेली. हिटरला जाणाऱ्या वायरींना मीटर लावला, बारा व्होल्ट. पण बटण दाबलं की काटा आठावर कोसळायचा. म्हणजे वाटेत कुठेतरी जोड कच्चा. प्लसची वायर तपासली, चांगली. राहिली अर्थिंगची, म्हणजे मायनसची. ती पलंगाखालून पत्र्याला बोल्टनं आवळलेली होती.

मी पलंगाखाली सरपटत शिरले. ओल्या राखेचा वास आला. बोल्ट गंजला होता. गंज खरवडला, पाना लावून आवळला. हात काढला तर बोल्ट ढिला. पुन्हा आवळला. माझ्या डोळ्यांसमोर तो हळूहळू उलटा फिरला...

मग मनगटाला बोटं लागली. बर्फासारखी गार.

"छोड दे..." माझ्या तोंडून निघालं. "बच्ची है."

पत्र्याआडून खोकल्यासारखा आवाज आला. म्हाताऱ्या बाईचा.

"मलाबी लई गारठा लागतोय गं..."

"ताई, कुणाशी बोलताय?" राजशेखरनं विचारलं. वर ती पोर होती. मी मागे सरकले नाही.

"ऊब तुलाबी मिळंल," मी म्हणाले. "आधी सोड."

मग बोटं एकेक करून सुटली. मी सगळा जोर लावून बोल्ट आवळला.

"दाबा बटण."

पंखा घरघरला, थांबला नाही. आत ज्योत पेटल्याचा घुमता आवाज आला आणि जाळीतून गरम हवा वाहू लागली. दिपालीनं पोरीला हवेच्या बाजूला वळवलं. हळूहळू ओठांवरचा काळपटपणा उतरला, आणि पोरीनं असा टाहो फोडला की राजशेखर मटकन खाली बसून हसायला लागला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मीही हसले. एवढ्या गाड्या दुरुस्त केल्या, पण असा आनंद कधी झाला नव्हता.

जीप आली. माय-लेक शालीत गुंडाळून मागे बसल्या, राजशेखर पुढे. पोर जोरजोरात दूध ओढत होती. गाडी सकाळी ओढून न्यायची ठरली, म्हणून मी हिटर बंद केला, गार होऊ दिला, बॅटरीच्या दोन्ही वायरी सोडवल्या आणि दाराला कुलूप लावलं.

जीप गेली. मी स्कूटरला किक मारणार, तोच मागून घरघर ऐकू आली.

बंद गाडीतला पंखा फिरत होता. काचेवर आतून वाफ धरली होती, आणि पलंगाच्या बाजूला कुणीतरी समाधानानं उसासा टाकला.