तांब्याच्या घागरीतलं पाणी

"बॅटरी किती मोठी हाय म्याडम?"

औरंगपुऱ्यातल्या इन्व्हर्टरच्या दुकानात डिस्टिल्ड वॉटर मागितलं की हा प्रश्न यायचाच. रिकामा कॅन घेऊन उभी असलेली दिपाली गडबडली. "बॅटरी नाय... जिवाणू हायेत माझे. त्यांच्यासाठी पाहिजे."

काउंटरमागचा इंद्रजीत बघतच राहिला. "पाव्हण्यांची नावं तरी सांगा!"

ती हसली. महिन्याभरात पहिल्यांदाच. दुष्काळाचं वर्ष होतं. शहर चौफेर वाढत होतं आणि नळाला आठवड्यातून एकदा पाणी. त्यापायी विद्यापीठातलं पाणी शुद्ध करायचं यंत्र बंद होतं. दौलताबादच्या मेंढपाळाच्या या लेकीचा प्रयोग तीनदा फसला होता, आणि सरांनी बजावलं होतं, महिनाअखेरच्या सोमवारी निकाल दाखव, नाहीतर विषय सोड.

प्रयोगशाळेत पाणी पोचवायला मग इंद्रजीत स्वतःच यायचा. दुकानात नोकर असून!

"करता काय हो यांचं?" त्यानं एकदा विचारलं.

"जिवाणूच्या आवरणात प्रथिनाचं दार असतं. आत तांबं जास्त झालं, की ते बाहेर हाकलतं. काहींचं दार मी मोडलंय. तुमच्या पाण्यात त्यांचं खाणं कालवून प्लेटा भरते. तांबं घातलेल्या प्लेटमध्ये ते मरायला पाहिजेत, साध्या प्लेटमध्ये जगायला."

"दारं मोडता? लई डेंजर हाय तुम्ही..." तो पुटपुटला, आणि कानापर्यंत लाल झाला. दिपालीनं उगाच चष्मा पुसला.

शनिवारी सकाळी तिनं प्लेटा उघडल्या. साध्या प्लेटमधलेही बिनदाराचे जिवाणू मेले होते. कुठंतरी पाणी मुरत होतं. कुठं, ते कळेना. या खेपेला नवं होतं ते फक्त पाणी. तेवढ्यात कॅन घेऊन इंद्रजीत आला. तिचे डोळे बघून त्याचे पाय दारातच थबकले.

"खरं सांगा... पाण्यात काय घातलं होतं?"

"घातलं काय बी नाय." तो खाली बघत राहिला. गप्प बसला असता तर कुणाला कळलं नसतं. "मागल्या वेळी कॅन गळत होता. म्हणून रातभर आईच्या घागरीत ठेवलं... तांब्याच्या. तांब्यातलं पाणी चांगलं म्हणत्यात ना. तुमच्यासाठी म्हणून राखेनं घासून घेतली."

दिपालीनं कपाळाला हात लावला. मग हसू फुटलं, हसता हसता रडू. घागरीचं तांबं पाण्यात उतरलं होतं. म्हणजे जिवाणू बरोबर होते, मोडलेलं दारही बरोबर होतं!

"चूक माझी हाय. सरांना मी सांगतो."

"सांगू नका. आजचं पाणी कॅनमधलंच ना? द्या इकडं."

तिनं सगळं पुन्हा मांडलं. रविवार काही सरता सरेना. घरी भाकरी करपली, आई ओरडली. सोमवारी सकाळी साध्या प्लेटमध्ये बिनदाराचे जिवाणू जोमानं वाढले होते, तांबं घातलेल्या प्लेटमध्ये एकही नव्हता. सरांनी चष्म्यावरून बघितलं आणि फक्त "लिहायला घे" म्हणाले.

ती थेट औरंगपुऱ्यात. इंद्रजीत उभाच होता, चेहरा उतरलेला.

"जगले?"

"जगले."

त्यानं श्वास सोडला. "मग आता... आमच्या पाण्याचं काम संपलं?"

दिपालीनं रिकामा कॅन काउंटरवर ठेवला.

"माझ्या जिवाणूंना घागरीचं पाणी सोसत नाय," ती म्हणाली, "मला सोसतं. आईंना विचारा... मी कधी येऊ प्यायला?"